हाड जुळताना व्हिटॅमिन डी नेमकं काय करतं?

थंडीच्या दिवसांत आमच्या सांगलीत सकाळी साडेसात-आठला एक दृश्य हमखास दिसतं. अंगणात किंवा गच्चीवर कुणीतरी काका नाहीतर मावशी प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या असतात. नेमका तेवढाच पाय उन्हात आणि बाकीचं अंग स्वेटर, कानटोपी, शालीत. 'कोवळं ऊन लागलं की हाड लवकर जुळतं' असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. ऊन, व्हिटॅमिन डी म्हणजे 'ड' जीवनसत्त्व, आणि हाड यांचं नातं पक्कं आहे. पण ऊन दुखऱ्या जागीच लागावं लागत नाही, ते फार कोवळं असून चालत नाही, आणि प्लॅस्टरमधून तर ते आत जातच नाही.

गेल्या काही वर्षांत याच समजुतीची नवी आवृत्ती माझ्या ओपीडीत येऊ लागली आहे. हातात लॅबचा रिपोर्ट असतो आणि प्रश्न असतो, "डॉक्टर, डी फक्त १४ आलंय. म्हणूनच हाड जुळत नाहीये ना?" किंवा "जखम भरत नाहीये, डीचं इंजेक्शन देऊन टाका की एक." दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक जुनी गोष्ट, मला फार आवडणारी. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरात उपासमार, आणि मुडदूस झालेली मुलं ढिगानं. मुडदूस म्हणजे वाढत्या वयात हाडं मऊ राहून पाय वाकडे होण्याचा आजार. हुल्डशिन्स्कींनी मुलांना क्वार्ट्झच्या दिव्याखाली ठेवलं. या दिव्यातून अतिनील किरण बाहेर पडतात. काही महिन्यांत एक्स-रेमध्ये हाडं भरू लागलेली दिसली. पुढची गंमत अशी, की त्यांनी फक्त एकाच हातावर प्रकाश सोडून पाहिला, तर दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होत होतं आणि रक्तातून सगळीकडे पोचत होतं. त्या 'काहीतरी'ला १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलम यांनी व्हिटॅमिन डी हे नाव दिलं. त्याच सुमारास आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात झालेल्या पाहणीतही दिसलं, की मुडदूस गरिबांच्या उघड्यावर खेळणाऱ्या मुलांपेक्षा पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांत जास्त होता.

तेव्हा काका, मोडलेला पाय उन्हात ठेवण्याची गरज नाही. पाठ उन्हात ठेवलीत तरी पायाला मिळायचं ते मिळेल.

आता हाड जुळतं कसं ते पाहू. हाड मोडल्यावर पहिल्या काही तासांत मोडलेल्या टोकांभोवती रक्त साकळतं. दुरुस्तीला लागणाऱ्या पेशींना बोलावणं जातं ते या साकळलेल्या रक्तातूनच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ कॅलस तयार होतो. मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट बसतं आणि तो टणक होतो. त्यानंतरही काही महिने, कधी एक-दोन वर्षं, शरीर त्या ओबडधोबड गाठीला तासून हाडाला मूळचा आकार देत राहतं.

घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल तुम्ही. आधी सळयांची जाळी बांधतात, मग त्यावर काँक्रीट ओततात. हाडात कोलॅजेन नावाचं प्रथिन ही सळयांची जाळी आणि कॅल्शियम-फॉस्फेट हे काँक्रीट. व्हिटॅमिन डी सळईही नाही आणि काँक्रीटही नाही. माल साइटवर वेळेत पोचतोय ना हे बघणारा तो मुकादम आहे. आतड्यातून कॅल्शियम रक्तात घेणं हे त्याचं मुख्य काम. डी पुरेसं असेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के शोषलं जातं, आणि फारच कमी असेल तर १० ते १५ टक्के. म्हणजे तुम्ही दूध प्या, नाचणी खा, गोळ्या घ्या, मुकादम रजेवर असेल तर बराचसा माल गेटवरूनच परत जातो.

मग डी कमी असणाऱ्या प्रत्येकाचं हाड न जुळता राहायला हवं. तसं होत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा कमी होऊ देत नाही, कारण हृदय, नसा, स्नायू त्याच्यावर चालतात. आतड्यातून ते मिळेना झालं, की गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि सांगाड्यातून कॅल्शियम काढायला लावतात. मोठ्या माणसाच्या हाडांत साधारण एक किलो कॅल्शियम असतं. कॅलसला त्यातलं अगदी थोडं पुरतं. तेव्हा बहुतेकांचं फ्रॅक्चर डी कमी असतानाही जुळून येतं, फक्त शेजारच्या भिंतीच्या विटा काढून. ही उधारी वर्षानुवर्षं चालली, की मग सगळ्याच भिंती भुसभुशीत होतात. हाडाची जाळी तयार होते पण तिच्यात काँक्रीट भरत नाही. मोठ्यांमधल्या या आजाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. मुडदुसाचंच हे प्रौढ रूप.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पेशंटमध्ये पाहिलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी घरात पाहिलं.

माझी मोठी आत्या, वय ७८, कराडला राहते. तिचं सगळं आयुष्य वाड्यात गेलं. परसात विहीर, तुळशीवृंदावन, उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया, दिवसभर आत-बाहेर. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि आत्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. घर चांगलं आहे, पण ऊन खिडकीच्या काचेतून येतं, आणि कातडीत डी तयार करणारे यूव्हीबी किरण काच अडवून धरते. पाच-सहा वर्षं ती अशी जवळजवळ घरातच. एका रात्री बाथरूमला जाताना पडली आणि खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. तिला सांगलीला आणलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून हाडात रॉड घातला.

भरती झाल्यावर मी तिला आणि वहिनीला नेहमीचे प्रश्न विचारत गेले. पडण्याआधी चालणं कसं होतं? "बदकासारखी डुलत चालायची." जमिनीवरून उठता यायचं? "छे, दोन वर्षांत जमिनीवर बसलीच नाही. खुर्चीतून उठायलाही हाताचा रेटा द्यायची." जिने? "कठड्याला धरून ओढून घ्यायची स्वतःला." बरगड्या दाबल्या की दुखायच्या, रात्री मांड्या ठणकायच्या. सगळ्यांनी त्याला एकच नाव दिलं होतं, म्हातारपण.

ही लक्षणं लक्षात ठेवा. मांड्यांचे आणि खांद्यांचे मोठे स्नायू कमजोर होणं, दोन्ही बाजूंना झुकत चालणं, बसल्या जागेवरून उठताना हात लावावा लागणं, हाडांवर दाबलं की दुखणं. यातलं सगळंच वयामुळे नसतं. व्हिटॅमिन डीची मोठी कमतरता हाडापेक्षा आधी स्नायूंमध्ये जाणवू शकते, आणि पडायला तेवढं पुरतं. फ्रॅक्चर ही त्या गोष्टीतली शेवटची पायरी.

आत्याचं डी ८ नॅनोग्रॅम आलं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, पॅराथायरॉइडचं हार्मोनही वाढलेलं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की चित्र स्पष्ट होतं. नुसता एक आकडा कमी आला तर होत नाही.

आकड्याबद्दल इथेच सांगते, कारण इथे बराच गोंधळ आहे. लॅबच्या रिपोर्टवर २० पेक्षा कमी म्हणजे 'कमतरता' आणि ३० पेक्षा कमी म्हणजे 'अपुरं' असं छापलेलं असतं. ही ३० ची रेघ काही दगडावर कोरलेली नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ च्या अहवालात बहुतेक निरोगी लोकांना २० पुरेसं मानलं होतं. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीनं ३० म्हटलं, आणि २०२४ मध्ये स्वतःच ती रेघ मागे घेतली. निरोगी प्रौढांनी उगाच तपासणी करत बसू नये असंही त्यांनी सुचवलं. माझं स्वतःचं मत असं, की २२ आणि २९ मधला फरक घेऊन कुणी रात्रीची झोप घालवू नये. १० च्या खाली आलं तर मात्र मी खुर्चीत सरसावून बसते.

आणखी एक गोष्ट, जी पेशंटना सहसा कुणी सांगत नाही. मोठी दुखापत, ऑपरेशन किंवा जंतुसंसर्ग झाला, की अंगातल्या दाहामुळे रक्तातली डीची पातळी काही दिवस आपोआप खाली येते. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत ती ठळकपणे घसरलेली आढळली आहे. त्यामुळे ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, ताप असताना काढलेल्या रक्तात १५ आलं तर त्यातली काही घट दुखापतीची असू शकते. दुखापतीमुळे आकडा खाली आला की आकडा खाली असल्यामुळे दुखापत बरी होत नाही, यात गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

आत्याला आठवड्याला ६०,००० युनिटचं एक पाकीट असं आठ आठवडे दिलं, नंतर रोज १,००० युनिट. सोबत कॅल्शियम. फ्रॅक्चर झालेल्या हाडासाठी मी एवढंच करू शकत होते. याहून मोठं काम पुढे होतं. खुब्याचं हाड एकदा मोडलं, की दुसरं हाड मोडण्याचा धोका वाढतो, आणि ते टाळण्यासाठी हाड मजबूत करणारी वेगळी औषधं असतात. त्यातलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतरच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा फ्रॅक्चर होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचं २८ टक्क्यांनी कमी झालं होतं. पण हे औषध हाडातून कॅल्शियम बाहेर येण्याचा दरवाजा बंद करतं. डी कमी असताना दिलं तर आतड्यातूनही कॅल्शियम येत नाही आणि हाडातूनही नाही, मग रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं. म्हणून त्या अभ्यासातही आधी डी दिलं होतं. आत्याला मी दहाव्या आठवड्यात, कॅल्शियम, डी आणि किडनीची तपासणी पुन्हा करून, मग ते दिलं. माझ्या मते फ्रॅक्चरनंतर डीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि नेमकी याचीच चर्चा सर्वांत कमी होते. प्लॅस्टर सुटलं किंवा टाके निघाले की फाइल कपाटात जाते.

बाकी आत्याच्या घरात बरंच काही होतं. ती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. कवळी नीट बसत नव्हती म्हणून भाकरी, उसळ सोडून ती चहा-बिस्किट आणि मऊ भातावर आली होती. सळयाच नसतील तर काँक्रीट कशावर ओतणार? वहिनीनं वाटलेली डाळ, अंडं, दही, नाचणीची आंबील सुरू केली. मशेरी सोडवायला मला डीपेक्षा जास्त कष्ट पडले, आणि पूर्ण सुटली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेमध्ये कॅलस जेमतेम दिसत होता. साडेतीन महिन्यांच्या एक्स-रेमध्ये हाड जुळलं होतं. ते व्हिटॅमिन डीमुळे जुळलं असं मी म्हणणार नाही. ते आधी सर्जनच्या रॉडमुळे, मग तिच्या शरीरामुळे जुळलं. डीनं उधारी थांबवली इतकंच. पण चौथ्या महिन्यात ती हाताचा रेटा न देता खुर्चीतून उठली, आणि तो फरक मी डीच्या आणि तिच्या फिजिओथेरपिस्टच्या खात्यावर निम्मा-निम्मा टाकते.

आता अभ्यास काय सांगतात ते थोडक्यात. टेक्सासमधल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या गटानं २००७ मध्ये न जुळलेल्या फ्रॅक्चरच्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं. ज्यांच्यात हाड न जुळण्याचं दुसरं कारण सापडत नव्हतं किंवा ज्यांना साध्या मारानं अनेक फ्रॅक्चर झाली होती, अशा ३७ जणांना हार्मोनतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यातल्या ३१ जणांत आधी लक्षात न आलेला काहीतरी बिघाड निघाला, आणि सर्वांत जास्त आढळली ती डीची कमतरता. हे वाचलं की वाटतं, बघा, डीच! पण हे निवडून घेतलेले रुग्ण होते. उलट, हातापायाची लांब हाडं मोडलेल्यांना एकदाच एक लाख युनिट देऊन पाहिलेल्या २०१७ च्या अमेरिकी अभ्यासात हाड न जुळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आणि ज्यांना कमतरता नाही अशांना डी देऊन फ्रॅक्चर टळतात का, हे 'व्हायटल' नावाच्या प्रचंड अभ्यासात तपासलं गेलं. २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ. २०२२ मध्ये निकाल आला, फ्रॅक्चर कमी झाली नाहीत. त्यांची सुरुवातीची सरासरी पातळीच ३० च्या आसपास होती. जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पानावर बसवून त्याची भूक भागत नाही.

जखमेबद्दल. कातडीतल्या आणि पांढऱ्या पेशी डीच्या मदतीनं कॅथेलिसिडिन नावाचा एक जंतुनाशक पदार्थ तयार करतात, आणि जखम भरताना दाह आटोक्यात ठेवण्यातही डीचा वाटा आहे. इराणमध्ये मधुमेहामुळे पायाला जखम झालेल्या ६० रुग्णांवर एक प्रयोग झाला. दर दोन आठवड्यांनी ५०,००० युनिट, बारा आठवडे. डी घेतलेल्यांच्या जखमा जास्त आकसल्या आणि त्यांची साखरही थोडी सुधारली. आशा वाटावी असा निकाल आहे, पण ६० माणसं म्हणजे फार थोडी. तुमच्या पायाची जखम भरत नसेल तर आधी साखर, पायातला रक्तपुरवठा, जखमेतला पू, जखमेवर पडणारा भार आणि ताटातली प्रथिनं, या क्रमानं मी बघेन. डी कमी असेल तर तेही भरून काढेन, पण ते दिलं म्हणून यातलं काहीही पुढे ढकलणार नाही. (डीची पूड जखमेवर भुरभुरून आलेले एक गृहस्थ मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.)

'कमतरता नसली तरी घ्यायला काय हरकत आहे, व्हिटॅमिनच तर आहे' हे वाक्य मला अस्वस्थ करतं. हरकत आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या दोन हजारांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात काही जणींना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले होते. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डी घेणाऱ्यांत पडण्याचं आणि फ्रॅक्चरचं प्रमाण वाढलेलं होतं. झुरिकमध्ये ७० च्या पुढच्या, आधी पडलेल्या २०० लोकांच्या अभ्यासात (२०१६) महिन्याला ६०,००० युनिट घेणारे २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले. तेव्हा सहा लाखांचं इंजेक्शन एकदम टोचून 'वर्षाची चिंता मिटवणं' मला मान्य नाही. मोठी कमतरता असेल तर ठरावीक आठवडे साप्ताहिक मात्रा, आणि नंतर रोजची छोटी मात्रा, ही माझी पद्धत.

पाकिटाचं गणित समजून घ्या. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांची रोजची गरज ६०० युनिट आहे. ६०,००० चं एक पाकीट म्हणजे शंभर दिवसांचा शिधा. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते, मनगट मोडलेले. त्यांना चिठ्ठीवर पाकीट आठवड्यातून एकदा लिहिलेलं होतं. घरी कुणाच्या तरी सांगण्यावरून 'हाड लवकर जुळावं म्हणून' ते रोज सुरू झालं आणि अडीच महिने चाललं. मनगट जुळलं. पण मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, आणि आयुष्यभर पाढे शिकवलेल्या माणसाला नातवाचं नाव आठवेना. घरच्यांना वाटलं, विसराळूपणाचा आजार सुरू झाला. रक्तात कॅल्शियम १३.८ होतं (साधारणपणे ते १०.५ च्या आत असायला हवं), आणि किडनीचं क्रिएटिनिन अडीचच्या घरात. सलाइन आणि औषधांनी कॅल्शियम उतरलं, डोकं ताळ्यावर आलं. पण डी चरबीत साठून राहतं. गोळी थांबवली तरी ते आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. त्यांना तीन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायला यावं लागलं. किडनी बरीचशी सावरली, पूर्ण नाही.

आता ऊन. यूव्हीबी किरण सकाळी लवकर आणि संध्याकाळी वातावरणातच गाळले जातात, कारण तेव्हा सूर्य तिरपा असतो. सोपी खूण अशी, की तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन डीच्या कामाचं. आपण विषुववृत्ताच्या इतके जवळ आहोत, की सांगलीत डिसेंबरातही दुपारी साडेबाराला सावली उंचीपेक्षा लहानच असते. आपली कातडी सावळी, तिच्यातलं मेलॅनिन किरण अडवतं, म्हणून गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागतो. हात, दंड, पोटऱ्या उघड्या ठेवून अकरा ते दोनच्या दरम्यान पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, असं मी ढोबळमानानं सांगते. चैत्र-वैशाखात त्याहून कमी. भोवळ येईपर्यंत बसायचं नाही. सकाळचं कोवळं ऊन मनाला, झोपेला चांगलंच आहे, ते बंद करा असं मी म्हणत नाही. आणि ज्याचं डी ८ आहे, जो पलंगावरून उठू शकत नाही, त्याला उन्हाच्या भरवशावर ठेवणं योग्य नाही. त्याला औषधच लागतं.

अन्नातून डी फार थोडं मिळतं. बांगडा, तारलीसारखे तेलकट मासे आणि अंड्याचा बलक यांत थोडंफार असतं. '+एफ' अशी निळी खूण असलेल्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट घातलेले असतात. पायाच्या सुपात डी नसतं, आणि कॅल्शियमही लोकांना वाटतं तेवढं उतरत नाही. गरमागरम, मिऱ्याची फोडणी दिलेलं सूप म्हणून ते जरूर प्या. कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम), तीळ, दूध, दही, ताक हे आपलं नेहमीचंच बरं.

फ्रॅक्चरनंतर डी तपासायला मी सगळ्यांना सांगत नाही. क्रिकेट खेळताना बोट मोडलेल्या वीस वर्षांच्या मुलाला नाही सांगत. पण पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल, ठरलेल्या मुदतीत हाड जुळत नसेल, उठताना हात लावावा लागत असेल, फिट्सच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील, किडनी किंवा लिव्हरचा आजार असेल, आतड्याचं ऑपरेशन झालं असेल, तर जरूर तपासा. मुतखडा होऊन गेला असेल तर डी आणि कॅल्शियम सुरू करण्याआधी तसं सांगा.

पाकीट रिकाम्या पोटी घेऊ नका. डी स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर किंवा दुधातून घ्या. एक वार ठरवून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या आठ आठवड्यांच्या त्या वारांवर आजच गोल करून ठेवा. पाकीट घेतलं की गोलात फुली. आठवी फुली पडली की थांबायचं. नववं पाकीट दुकानातून आणण्याआधी फोन करायचा. पुढची रक्ततपासणी सुरुवातीपासून तीन महिन्यांनी, त्याआधी केली तर आकडा अजून वर चढत असतो आणि पैसे वाया जातात. त्या दिवशी डीबरोबर कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही करून आणा.